काबरीची झोळी

कुत्री एक श्वास घेई आणि दुसरा घ्यायचं विसरून जाई. मी तिच्या फासळ्यांवर हात ठेवून बसले होते. फासळी वर आली, खाली गेली, मग काहीच नाही. मी मनात आकडे म्हणायला लागले. अकरा, बारा, तेरा. मग पुन्हा एकदा फासळी वर. ओठ उचलून बघितला तर हिरड्या शाईच्या पाण्यासारख्या निळ्या. पापणी उघडली तर डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी.

आणि समोर, अंगणातल्या दगडावर, कुत्रीचा मालक तीर घासत बसला होता.

त्याचं नाव खात्र्या. धडगावच्याही वर डोंगरात राहणारा पावरा आदिवासी. दोन दिवस चालून आमच्या कळसाडीला आला होता. खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत ही कुत्री, दुसऱ्या टोपलीत तिची चार पिलं. सकाळी मी कुत्रीचं निसटलेलं हाड बसवलं होतं आणि त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, उद्या घेऊन जा. आता दुपार कलत आली होती आणि उद्या काय घेऊन जाणार ते मला दिसत होतं.

खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला कुत्रीपेक्षा माझी काळजी जास्त वाटली. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज काही बरा नसतो.

इथे थांबून माझं काम काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस कुत्री घेऊन या बाईकडे का आला. मी कुत्र्यांचं दुखणं काढत असे. तीसेक वर्षं काढलं. मी चौथी शिकलेली, कुणबिकीच्या घरात दिलेली. माझे सासरे हाडवैद होते. माणसांची हाडं बसवायचे आणि त्यांना त्याचा फार मान होता. कोणी कुत्रं घेऊन आलं की ते तोंड फिरवून म्हणायचे, "हाई वहूकडे दाखाडा." म्हणजे हे सुनेला दाखवा. त्यांना वाटायचं, हे हलकं काम सुनेच्या गळ्यात टाकलं. मला वाटायचं, बरं झालं. माणूस हाड बसवताना आईबाप काढतो आणि बसवून झालं की अजून दुखतं म्हणून गावभर सांगतो. कुत्रा एकदाच चावतो आणि विषय संपवतो.

लोक मला कुतरामाय म्हणत. आधी टिंगल म्हणून म्हणत, मग गरज पडली की हात जोडून म्हणत. शब्द तोच.

काम अवघड नाही, पण उलट्या बाजूने करायचं असतं. माणूस सांगतो इथे दुखतं. कुत्रा सांगत नाही, लपवतो. म्हणून जिथे दुखत नाही तिथून हात फिरवायला सुरुवात करायची. नाकापासून शेपटीकडे, हळूहळू. तोंडाकडे बघायचं नाही, कानाकडे बघायचं. दुखऱ्या जागेच्या चार बोटं आधी कान मागे जातात. त्याआधी तोंड बांधायचं. मऊ पंच्याची पट्टी, दोन वेढे, गाठ कानामागे. मालक म्हणतो, माझा कुत्रा चावत नाही. मालकालाच आधी चावतो.

मग शेक. मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचं आणि आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. आपण हात ओढून घेतला तर ते कुत्र्याला लावायचं नाही. निरगुडीचा पाला उकळून त्याच्या पाण्याने धुवायचं. एरंडाचं पान तेल लावून गरम करायचं आणि सांध्यावर बांधायचं. पट्टीला वरून कडुनिंबाचा रस फासायचा, म्हणजे ती चाटून काढत नाही.

आणि खड्डा. हे माझं स्वतःचं. कुत्र्याला पडून राहा म्हटलं तर तो राहत नाही. मांजर दिसली की तीन पायांवर पळतो आणि आपण चार दिवस केलेलं वाया जातं. म्हणून मी अंगणातल्या निंबाखाली कुत्र्याच्या मापाचा खड्डा खणायची, कमरेइतका खोल, तळाला राख, राखेवर गवत. त्यात ठेवलं की थंडावा मिळतो, उडी मारता येत नाही आणि दोन दिवसांनी ते शहाण्यासारखं झोपायला लागतं. अर्धं औषध म्हणजे तो खड्डा. उरलेलं अर्धं म्हणजे घरातल्यांना त्याच्यापासून लांब ठेवणं. खड्डा मला जमला. दुसरं जमलं नाही, ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका फौजदाराचं विलायती कुत्रं आणलं होतं. उठताना कण्हायचं, बसताना कण्हायचं. सांधे धरलेत, काहीतरी जालीम द्या, असा हुकूम. मी पोट दाबून बघितलं. पोट कसलं, धान्याची कणगी. शिपायाला विचारलं, खातो काय? शिपाई खाली बघून म्हणाला, "साहेबांच्या ताटातली जिलेबी." मी सांगितलं, जिलेबी बंद, एक वेळ भाकरी आणि ताक, रोज नदीपर्यंत चालवायचं आणि गुडघाभर पाण्यात उभं करायचं. फौजदार म्हणाला, "बाई, मी औषध मागतोय आणि तुम्ही त्याला उपास सांगताय. उपास मीसुद्धा करत नाही."

"तुमच्याबद्दल मला कोणी विचारलं नाही," मी म्हणाले.

महिनाभर शिपायाने कुत्र्याला नदीवर नेलं. कुत्रा उतरला, शिपाईही उतरला. फौजदार तसाच राहिला.

एक बाई लांबच्या गावाहून एकटीच आली होती, लुगड्याच्या पदरात लहान कुत्रं. नवऱ्याने लाथ घातली होती. कुत्र्याची फासळी दुखावली होती. मी मिठाची पुरचुंडी बांधून शेक कसा द्यायचा ते दाखवत होते. तिने बघायला हात पुढे केला तेव्हा तिच्या दंडावर तसाच निळा डाग दिसला. मी काही विचारलं नाही. दोन पुरचुंड्या बांधल्या. ती दोन्ही घेऊन गेली.

आणि एक चूक माझी. पहिल्याच वर्षातली. आमच्याकडे माणसाचा गुडघा धरला की बिब्ब्याचं तेल लावतात. कातडी भाजते, पण दुखणं ओढून निघतं म्हणतात. गावातल्या एका म्हाताऱ्याचा राखणीचा कुत्रा लंगडत होता. मी म्हटलं, लावा बिब्बा. माणसाला चालतं ते कुत्र्याला का चालू नये? माणूस आपला गुडघा चाटत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं नाही. त्या कुत्र्याची जीभ आणि घसा फुटला. पाच दिवस त्याला पाणी गिळता येईना आणि सहाव्या दिवशी तो गेला. म्हातारा मला काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं. तेव्हापासून माझा एक नियम झाला. कुत्र्याच्या अंगाला लावलं ते त्याच्या पोटात गेलं असं समजायचं.

पोटात द्यायचं औषध माझ्याकडे फक्त एकच होतं, अफू. सरकारी ठेक्यावर मिळायची. मी ती क्वचित वापरली. हाड ओढून बसवताना जनावर वेदनेनेच मरतं, तेव्हा तिळाएवढी, गुळात. घरात तिची कमतरता नव्हती. आमच्याकडे ती घरोघर असायची, पण कुत्र्यांसाठी नव्हे.

कापूस वेचायला बायका सकाळी जातात त्या दिवेलागणीला येतात. तान्हं बाळ सोबत नेलं तर ओळ मागे पडते आणि घरी ठेवलं तर ते रडतं. म्हणून अफू आणि जायफळ मिळून एक गोळी करतात, तिला बाळगोळी म्हणतात. ती आईच्या बोटावर घासून बाळाला चाटवायची. बाळ संध्याकाळपर्यंत झोपतं. आमच्या घरात ती डबी सासूबाईंच्या कनवटीला असे. आमच्या घरातलं प्रत्येक मूल त्यांच्या बोटावर झोपलं होतं. त्यांना रडण्याचा आवाज सोसत नसे. कोणी रडलं, किरकिर केली, की हात कनवटीला जायचा. अगदी वासरू हंबरलं तरी जायचा. आम्ही हसायचो.

तर खात्र्या आला तो कार्तिकात, वेचणी ऐन भरात असताना. घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. बाकी सगळे शेतात. कुत्रीचं नाव काबरी, अंगावर काळे-पांढरे ठिपके. मक्यात शिरलेल्या रानडुकराच्या अंगावर ती गेली आणि डुकराने तिला उडवली. मागचा उजवा पाय खुब्यातून निसटून आखूड झाला होता. कुशीवर वीतभर फाटलं होतं.

"पिलं कसाले आनात?" मी विचारलं.

"दूध कोन पाजी?" खात्र्या म्हणाला. मला वेड्यात काढल्यासारखं बघून म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचं घर टेकडीवर एकटं. डोंगरात ते लोक असेच राहतात, एका घरापासून दुसऱ्या घराला हाक पोचेल इतकं अंतर. आठ दिवसांत बिबट्याने दोन शेळ्या उचलल्या होत्या. ते लोक बिबट्यालाही वाघच म्हणतात. तिसऱ्या वेळी काबरीने ओरडून त्याला पळवला आणि त्यानंतर हे डुकराचं झालं. आता घरात बायको, दोन लहान मुलं आणि उरलेल्या शेळ्या. कुत्री नाही आणि नवराही नाही. बायकोने दारापुढे शेकोटी लावून बसायचं ठरलं होतं.

"चार रात तिले जागता ई," तो म्हणाला. "पाचवी रातले झोप लागी जाई."

म्हणजे दोन दिवस येण्याचे गेले, दोन जाण्याचे. एक दिवसही जास्त थांबता येणार नव्हतं. आणि कुत्रीशिवाय परत गेला तर टेकडी सोडून, उभा मका सोडून भावाच्या दारी जाऊन राहणं आलं.

मी काबरीला तिळाएवढी अफू गुळात दिली. घटकाभर थांबले. डोळे जड झाले तेव्हा तोंड बांधलं, खात्र्याने पुढून धरली, मी मागचा पाय खाली ओढला, मग बाहेर, मग अंगठ्याने खुबा आत दाबला. मडक्याला टिचकी मारावी तसा आवाज आला आणि पाय दुसऱ्या पायाबरोबर आला. मी स्वतःवर खूष झाले. कुशीची जखम निंबाच्या पाण्याने धुतली. पाय पोटाशी घेऊन पट्टीने बांधला, तिला खड्ड्यात ठेवली आणि पिलं तिच्या पोटाशी लावली. खात्र्याला म्हटलं, जा, नदीवर अंघोळ करून ये. आणि मी ढोरांना पाणी पाजायला खळ्यात गेले. खळं गावाबाहेर आहे. जाऊन यायला वेळ लागतो.

परत आले तेव्हा खात्र्या दगडावर तीर घासत होता आणि अंगण शांत होतं. कुत्री शांत, पिलं शांत. सासूबाई ओट्यावर सरकी निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "देख, कशी मस्त झोपनी. केवढी किरकिर करी ऱ्हायनी व्हती."

मी खड्ड्यात उतरले आणि जे बघितलं ते सुरुवातीला सांगितलं आहे.

पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं, तीळ मोठा झाला. मग सासूबाईंचं वाक्य डोक्यात शिरलं.

"आत्याबाई, तुम्हू काय दिधं तिले?"

"काय देसू? पोऱ्यास्ले देतस तेच. एक गोयी."

"आख्खी?"

"एवढी मोठी कुतरी, तिले बोट चाटाडीसनी काय व्हई?"

"मी सकायले दिधी व्हती ना तिले."

"मंग माले सांगानं नही?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी सांगितलं नव्हतं. सुनेने सासूला आपलं काम सांगायची आमच्याकडे पद्धत नाही आणि मला हौसही नव्हती.

"आनि पिलास्ले?"

"त्या धाकल्याले बोट चाटाडं. तोच जास्ती रडी ऱ्हायना व्हता."

मी आधी पिलं उचलली. दुधातून जे जायचं ते अजून जात असेल, म्हणून चारही आईपासून तोडली आणि टोपलीत टाकली. तीन सुस्त होती पण चिमटा काढला की ओरडत होती. धाकटं ओरडत नव्हतं.

खात्र्या तीर हातात घेऊन खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. मी वर बघितलं. इतक्या वर्षांनी सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून आधी निघालं ते हे, "खात्र्या, तू तीर कसाले घासी ऱ्हायना?"

तो खाली बसला. "कुतरी मरी गयी तं वाघले कोन रोकी? मालेच मारना पडी ना, बाई."

आम्हा सपाटीवरच्या माणसांची अक्कल केवढी ते मला त्या एका वाक्यात कळलं. तो माझ्यासाठी घासत नव्हता. त्याने केव्हाच हिशेब संपवला होता की कुत्री गेली आणि आता पुढचं काम आपलं.

"ती मरनी नही," मी म्हणाले. "ठेव ते. हात लाव."

अफू चढलेल्या माणसाला झोपू द्यायचं नसतं. दोघांनी खाकोट्यात धरून अंगणात फिरवायचं, कानाखाली वाजवायची, शिव्या द्यायच्या. झोपला की श्वास विसरतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेलं असतं. पण काबरीचा खुबा सकाळीच बसवलेला. तिला चालवली तर हाड निसटणार. निसटलं की मांस सुजणार आणि मग ते जन्मात बसणार नाही. तीन पायांची कुत्री बिबट्यापुढे काय करणार? न चालवली तर आज मरणार. चालवली तर पुढच्या आठवड्यात.

मी घरात गेले, जुनं लुगडं आणलं आणि निंबाच्या खालच्या फांदीला झोळी बांधली, मुलांची बांधतात तशी. तिच्यात कुत्री पालथी घातली. मागचं अंग झोळीत, पाय पोटाशी बांधलेला तसाच, पुढचे दोन पाय बाहेर, जमिनीला टेकलेले. मग खात्र्याला सांगितलं, हे पुढचे पाय धर आणि चालव, एक हा, एक तो, घाण्याच्या बैलासारखे. मागचं अंग लोंबकळत राहील, पुढचं चालेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कुत्रीकडे, आणि चालवायला लागला.

आता पोटात काहीतरी तेज जायला हवं होतं. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काही ओतायचं नसतं, छातीत जातं आणि तेवढ्यानेच मरतं. मी चुलीवर काळा चहा चढवला. तेव्हा आमच्याकडे चहा रोजचा नव्हता. पाहुण्यांसाठी म्हणून एक पुडी असायची आणि ती सासूबाई मोजून वापरायच्या. मी अर्धी पुडी टाकली. चहा कोमट करून होळीची पितळी पिचकारी शोधली, टोकाला तूप लावलं आणि काबरीची शेपटी वर धरली.

सासूबाईंना आता समजलं.

"पाव्हनास्ना चहा कुतरीना ढुंगनमा?"

"तोंडमा टाका तं छातीमा जाई. तिसरा रस्ता तुम्हूच सांगा."

त्यांनी सरकी बाजूला सारली. उठल्या आणि शेपटी धरायला आल्या. माझ्या सासूबाईंबद्दल मी बरंच वाईट बोलू शकते, पण त्या शेपटी धरायला आल्या हे खरं आहे. पिचकारी संपली की चहा बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी लुगड्याचा बोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कुत्रीच्या पाठीवर चापट्या मारत सुरू झाल्या, "ऊठ वं भवाने. लेकरं उपाशी शेतस. ऊठ वं सटवाई. मन्हा चहा पिसनी झोपस का?"

दोन पिचकाऱ्या झाल्या. खात्र्या पुढचे पाय चालवत होता. त्याचे गुडघे मातीत घासून सोलले होते. मी फासळीवर हात ठेवून आकडे म्हणत होते. तेरा. चौदा. बारा. पुन्हा चौदा. शिव्यांनी काही होईना. मग मला सुचलं. टोपलीतलं सगळ्यात दांडगं पिलू घेतलं, काबरीच्या कानाशी धरलं आणि त्याची शेपटी दातांनी चावली. हात दोन्ही गुंतलेले होते. पिलू असं किंचाळलं की गल्लीतली दोन माणसं कुंपणावरून डोकावली. त्यांनी काय बघितलं असेल ते सांगते. झाडाला टांगलेली कुत्री, तिच्या मागे हात लावून शिव्या देणारी म्हातारी, तिचे पाय चालवणारा पावरा आणि पिलू चावणारी सून. ती दोघं निघून गेली. आमच्या घराबद्दल गावात आधीच बरंच बोललं जायचं.

"बाई," खात्र्या म्हणाला, "कान हालना."

मी पुन्हा चावले. कान पुन्हा हलला. आठ. नऊ. आठ. मी त्या पिलाला फार त्रास दिला. ते झालं की दुसरं, मग तिसरं, आळीपाळीने. सूर्य निंबाच्या खाली आला तेव्हा काबरीने डोळे उघडले, मान वळवली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. तोंड पुन्हा बांधायचं मीच विसरले होते. अजून खूण आहे. इतक्या आनंदाने मी कधी चावून घेतलं नाही.

धाकट्याकडे मधून मधून बघत होते. त्यालाही चोळलं, उलटं केलं, नाकात फुंकलं. चहाचे दोन थेंब त्याच वाटेने दिले. मुठीत मावेल एवढं पिलू, त्याच्या अंगात लढायला जागाच नव्हती. काबरी उठायच्या थोडं आधी ते गार झालं. मी ते सासूबाईंच्या समोर ओट्यावर ठेवलं. मुद्दाम ठेवलं.

त्यांनी ते बोटाने हलवून बघितलं. मग म्हणाल्या, "बोटच चाटाडं व्हतं. तितलंच."

मी त्या दिवशी बोलले ते त्याआधी कधी बोलले नव्हते. माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना अशीच एका दुपारी झोळीत झोपली. मी शेतात होते. घरात म्हणाले, झोप गाढ लागली. मग म्हणाले, कोणाची तरी नजर लागली. तिचे ओठ मी बघितले होते. कुत्र्यांच्या हिरड्या बघायला मी पुढे शिकले, म्हणून ते निळेपण काय होतं हे मला पुढे कळलं. कळूनही मी गप्प बसले होते, कारण नंतरच्या दोन मुलांना त्याच डबीतलं देऊन मीही वेचणीला गेले होते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मन्ही ठकीले बी तितलंच चाटाडं व्हतं का?"

सासूबाई उठल्या, कनवटीची डबी काढली आणि चुलीत टाकली. पितळेची चांगली डबी होती. मग राख सारखी केली आणि भाकरी थापायला बसल्या.

खात्र्या पहाटे निघाला. एका टोपलीत काबरी, पाय बांधलेली, शुद्धीवर आणि संतापलेली. दुसऱ्या टोपलीत तीन पिलं आणि वजन बरोबर व्हावं म्हणून एक दगड. पिलांना वाटेत दूध कसं द्यायचं ते मी दाखवलं, कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून, आईचं दूध अजून एक दिवस नाही. घराजवळ खड्डा कसा खणायचा तेही सांगितलं. तो म्हणाला, जमीन खडकाळ शे. मी म्हटलं, मंग आजपासूनच खणाले लाग.

हल्ली तालुक्याच्या गावी जनावरांचा डॉक्टर असतो. सुई टोचतो आणि दुखणं थांबतं. लोक मला विचारतात, तुमची औषधं चांगली की त्याची? त्याची. शेक, पाला, खड्डा एवढं अजून करा, त्याने कोणाचं वाईट होत नाही. पण घरातलं म्हणून जे निरुपद्रवी समजतो, त्यातलंच माझ्या हातून दोन वेळा जीव घेऊन गेलं, एकदा बिब्बा आणि एकदा न सांगितलेला तीळ. कुत्र्याला काय दिलं ते घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा. सासूलाही.

फाल्गुनात होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला डोंगरातली माणसं खाली उतरली तेव्हा खात्र्याचा भाऊ मला सांगून गेला. काबरी जगली, थोडी तिरकी चालते. तीन पिलं जगली. पाचव्या रात्री खात्र्याच्या बायकोला झोप लागली, पण तोवर तो पोचला होता. ती आणि दोन्ही मुलं जगली. शेळ्यांपैकी एक गेली, बाकीच्या जगल्या.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. त्या नऊ वर्षांत आमच्या घरात तीन बाळं झाली. तिन्ही दिवसभर रडायची आणि सासूबाई कानात बोळे घालून त्यांना हलवत बसायच्या. तिन्ही जगली.